मालनबाईंच्या नावावरचा डोळा

फाटलेला असायला हवा होता तो डोळ्याचा पडदा शाबूत होता.

डॉ. उझ्मा तांबोळी यांनी भिंग बदलले, दिवा तिरपा केला आणि मालनबाई राऊत यांच्या उजव्या डोळ्यात पुन्हा एकदा खोलवर पाहिले. मधुमेहाचे चारदोन बारीक ठिपके होते, आणि मोतीबिंदू काढून बसवलेले भिंग जागच्या जागी होते. फाटल्याची खूण मात्र कुठेच नव्हती.

अहिल्यानगरच्या त्या नेत्ररुग्णालयाची फिरती गाडी गेल्या आठवड्यात कोल्हारच्या पुढे प्रवरेकाठी जाऊन आली होती. गाडीत डोळ्याच्या पडद्याचा काठापर्यंतचा फोटो काढणारे नवे यंत्र होते. शिबिर मधुमेहींचे होते. त्या फोटोंत मालनबाईंच्या नावावरचा एक उजवा डोळा निघाला. त्याचा पडदा वरच्या बाहेरच्या अंगाला घोड्याच्या नालासारखा फाटला होता आणि फटीखाली पाणी शिरू लागले होते. तो पाहताच उझ्माने तातडीचा निरोप धाडला होता.

आणि आता समोर हा निरोगी डोळा होता.

मालनबाई ताठ बसल्या होत्या. डोक्यावर पदर, कपाळावर हिरवे गोंदण. वैधव्य आल्यापासून त्यांनी कपाळाला दुसरे काही लावलेले नव्हते. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसणार, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होते. सोबत आलेली नात निकिता मागच्या बाकावर होती. खोली थंड आणि बंद होती. पोरगी तोंडासमोरची माशी वारावी तसा मधूनमधून हात हलवत होती.

"बोला की, डॉक्टरीनबाई," मालनबाई म्हणाल्या. "फोटूत काय निघालं?"

"फोटोत काहीतरी आहे असं वाटलं होतं, आजी. पण काही नाही. डोळा छान आहे."

"नक्की?"

"नक्की."

"सबागती म्हनू नका. नीट बघून सांगा."

"नीट बघूनच सांगते आहे. चिंता सोडा."

मालनबाईंनी डोळे मिटून कोणा देवाचे नाव घेतले. मागच्या बाकावर निकिताने मोठा श्वास सोडला. "चल ग," आजी तिला म्हणाल्या, "जीप खोळंबली आसंल." आणि चपला सरकवीत दोघी निघून गेल्या.

यंत्राने चूक केली असे उझ्माने क्षणभर धरले. पण मघाशी रुग्णालयातल्या यंत्रावर मालनबाईंचा नवा फोटो घेतलेला होता. जुना आणि नवा असे दोन्ही तिने संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले, आणि ती खुर्चीतून पुढे वाकली.

डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची नक्षी एका माणसाची दुसऱ्यासारखी नसते. या दोन नक्षींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. शिवाय जुन्या फोटोतल्या पडद्यावर पाण्यावर ऊन पडावे तशी चमक होती. ही चमक तरुण डोळ्याची असते. वयाबरोबर ती विझते. मधुमेहाचा तर त्यात एकही ठिपका नव्हता.

म्हणजे यंत्र खरे बोलत होते. फाटलेला डोळा कोणातरी तरुण माणसाचा होता. ते माणूस कुठेतरी चालत होते, वाकत होते, ओझे उचलत होते, आणि प्रत्येक हिसक्याबरोबर त्याच्या पडद्यामागचे पाणी खाली सरकत होते. पाणी मध्यावर पोचले की त्या डोळ्याची नजर संपली. वेळेत लेसर केला तर सारे काम चहा निवायच्या आत व्हावे इतके सोपे. पण लेसर करायचा कोणाला?

तिने यंत्र चालवणाऱ्या आदिलला बोलावले.

"मालनबाई राऊत. आठवतात का?"

"मॅडम, दिवसभर डोळेच डोळे. चेहरे कुठले आठवणार? गाडीत अंधार असतो."

"दोन फोटोंची अदलाबदल झाली असेल?"

"नाही. एक माणूस बसतं, फोटो निघतो, तेव्हाच नाव पडतं. मग दुसरं आत येतं."

"दारात नाव कोण विचारतं?"

"चिठ्ठी देतो आपण. चिठ्ठी घेऊन येईल तो आत." आदिलचा आवाज खाली आला. "मॅडम, आता आठवतंय, त्या बाईंनी डोक्यावरून शाल घेतली होती. एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त यंत्राच्या कपाळपट्टीला त्यांचं कुंकू लागलं, ते पुसता पुसता माझ्या नाकी नऊ आले. अजून फटीत असेल थोडं."

"चिठ्ठी मालनबाईंची, आणि डोळा दुसऱ्याचा," उझ्मा म्हणाली. "फिरती गाडी काढ."

मालनबाईंचा मोबाईल बंद होता. मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगू लागली, तशी उझ्मा मुठी आवळून बसली. त्या बाईंनी 'नक्की?' म्हणून पुन्हा पुन्हा खातरी का करून घेतली होती? आपल्या डोळ्याबद्दल माणूस असे विचारते का?

राऊतांच्या घरी मालनबाई नव्हत्या. गावची यात्रा होती. जीप त्यांना परस्पर यात्रेच्या मैदानावर सोडून आली होती. घरी होत्या त्यांच्या सूनबाई पंकजा आणि नातू करण. पंकजाच्या नाकावर जाड काचांचा चष्मा होता. तो पाहताच उझ्माला आशा वाटली, कारण जाड चष्म्याच्या डोळ्याचा पडदा पातळ असतो आणि लवकर फाटतो.

"शिबिराच्या दिवशी तुम्ही सासूबाईंबरोबर होता का?"

"मी कशाला? मी कांदा काढायला गेल्ते."

"त्यांची चिठ्ठी घेऊन दुसरं कोणी आत गेलं होतं?"

पंकजा हसली. "आमच्या आत्याबाईंची चिठ्ठी दुसऱ्याला? अहो, त्या आपलं पाण्याचं भांडं कुनाला देत न्हाईत."

"डोळ्यापुढं ठिणग्या, काळे ठिपके असं काही दिसतं तुम्हाला?"

"मला चष्मा काडला तर तुमीबी दिसत न्हाई."

गाडी दारातच होती. पंकजाचा फोटो निघाला. पडदा पातळ होता, पण सलग. नक्षीही निराळी होती.

मग करणची पाळी आली. दांडगा गडी, कान मोडलेले. समोरच्या भिंतीवर लंगोट घातलेला त्याचा फोटो होता आणि खाली फळीवर ढाली मांडलेल्या होत्या.

"पैलवान आहात?"

"हुतो. खांदा निखळला, तवापासून आखाडा बंद. आता ट्रॅक्टर चालवतो."

"डोक्यावर, डोळ्यावर कधी मार?"

"मॅडम, पैलवानाला काय इचारता? मार बसला न्हाई आसं हाडच न्हाई."

त्याचा पडदा लख्ख होता.

उझ्मा गाडीच्या पायरीवर बसली. पाच गावांचे लोक त्या शिबिराला आले होते. त्या गर्दीत मालनबाईंच्या हातची चिठ्ठी कोणीही घेतली असेल. आता कोणाकोणाच्या दारात जायचे? आणि प्रत्येक दारात जाईपर्यंत ते पाणी थांबणार होते का?

आदिल आत कपाळपट्टी पुसत होता. "या सूनबाईंची टिकली होती, काही लागलं नाही. तो मागचा डाग मात्र चिवट. आजींचं कुंकू चांगलंच तेलकट..."

"थांब," उझ्मा म्हणाली. "कोणाचं कुंकू?"

"मालनबाईंचं."

"मालनबाई कुंकू लावत नाहीत. त्यांच्या कपाळावर गोंदण आहे. गोंदण पट्टीला लागत नाही."

ती उठली. पट्टीच्या फटीतला लाल चुरा तिने पांढऱ्या कापसावर घेतला आणि बोटांत चोळला. कुंकू असते तर ते बोटावर पसरले असते; हे दाणेदार होते. तिने वास घेतला. तेल, हळद आणि खाली मुरलेले आंबूस ताक.

तिचे आजोळ एका तालमीच्या भिंतीला लागून होते. हा वास तिला जन्मापासूनचा ठाऊक होता. लाल माती तेल, ताक, हळद घालून मळतात, आणि मेहनत झाल्यावर पैलवान तीच माती कपाळाला लावूनच बाहेर पडतो. पुसत नाही.

म्हणजे मालनबाईंच्या शालीखाली पैलवान होता. तरुण पैलवान. पण करणचा पडदा तर आत्ताच पाहिला, आणि त्याने आखाडा सोडून काळ लोटला होता.

ती पुन्हा ओसरीवर गेली. फळीवरच्या ढालींवर धूळ होती. एका ढालीवर मात्र धूळ नव्हती आणि तिला बांधलेली फीत कोरी करकरीत होती.

"करण, ही ढाल कोणाची?"

"ती व्हय? ती निकीची. माझ्या भैनीची. माझ्यापेक्षा चपळ हाय ती."

बंद, थंड खोलीत निकिता माशी वारीत होती. त्या खोलीत माशी येणार कुठून?

उझ्माने विचारले, "ती कुठं आहे?"

उत्तर करणच्या आधी बाहेरून आले. नदीकडच्या मैदानातून भोंगा घुमला. यात्रेच्या कुस्त्यांचा हगामा सुरू झाला होता आणि पुकारणारा घसा ताणून सांगत होता, पुढची कुस्ती मुलींची, निकाली होणार, आणि जोडीतले पहिले नाव निकिता राऊत.

मैदानावर माणसांच्या भिंती होत्या. उझ्मा त्यांतून कोपराने वाट काढत निघाली. हलगीचा कडकडाट छातीत उतरत होता. आखाड्याशी पोचली तेव्हा निकिता मातीत उतरलेली होती आणि वाकून चिमूटभर माती कपाळाला लावीत होती. समोर तिच्याहून वजनदार पोरगी दंड थोपटत होती.

"थांबवा," उझ्मा म्हणाली आणि पुढे झाली.

"ओ बाई, चप्पल," दरडावणारा आवाज आला. पांढऱ्या दाढीचे, डोक्याला पटका बांधलेले नबीलाल वस्ताद आडवे आले. या तालमीचे ते गुरू. "मातीत चप्पल न्हाई चालत."

उझ्माने चपला काढल्या. "वस्ताद, मी डोळ्यांची डॉक्टर. या मुलीला खेळवू नका. आपटली तर डोळा जाईल."

"कोन म्हनतं?" पंचांच्या मंडपातून मालनबाई उठल्या. त्यांच्या शेजारी फेटे बांधलेले दोघे-तिघे पाहुणे बसले होते. त्यांच्याकडे एक नजर टाकून त्या झपाझप आखाड्याच्या काठाशी आल्या आणि आवाज दाबून म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, सकाळी तुमीच सांगितलं डोळा छान हाय. आता च्यार लोकांत तमाशा कशापायी?"

"छान आहे तो तुमचा डोळा, आजी. मी तुमचा डोळा तपासला."

"माझा कशाला? तुमी तर फोटूचं सांगितलं ना?"

"फोटो कोणाचा होता?"

मालनबाईंनी पदर पुढे ओढला.

"निकिता," उझ्मा पोरीकडे वळली, "डाव्या डोळ्यावर हात ठेव. उजव्यानं आजीच्या नाकाकडं बघ. नजर हलवू नकोस. माझा हात दिसला की सांग."

निकिताने वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी मान हलवली. तिने डोळा झाकला.

उझ्माने आपला पंजा खालून, नाकाच्या बाजूने वर आणायला सुरुवात केली. तो हळूहळू वर चढला. वस्तादांना तो दिसत होता. मालनबाईंना दिसत होता. हलगीवाल्यालाही दिसत असावा, कारण त्याचा हात मंदावला. पंजा पोरीच्या हनुवटीशी आला, ओठांशी आला.

निकिता काही बोलली नाही.

"सांग की ग," मालनबाई पुटपुटल्या. "दिसतोय न्हवं?"

"तुमी हात काडलाच न्हाई आजून," निकिता म्हणाली.

मालनबाईंनी वस्तादांचा दंड धरला.

उझ्माने हात खाली घेतला. तिचा आवाज शांत राहिला. कसा राहिला, हे तिचे तिलाच कळले नाही.

"पडदा वरून फाटला की अंधार खालून चढतो. आजी, काय झालं ते मी सांगते. चुकलं तर थांबवा. ही मुलगी मेहनतीत डोक्यावर पडली. नंतर तिला ठिणग्या दिसल्या, मग काळी माशी. सकाळी माझ्या बंद खोलीत ती हीच माशी हाकलत होती आणि मला ते समजलं नाही. तिनं तुम्हाला सांगितलं?"

"सांगितलं," निकिता म्हणाली. "आजीला येकटीलाच."

"आणि तुम्हाला दवाखान्यात तिचं नाव यायला नको होतं. का?"

मालनबाईंनी मंडपाकडे पाहिले नाही, पण त्यांचा पाठीचा कणा तिकडे वळल्यासारखा ताठ झाला. "पाव्हणे पोरीला बघायला आलेत. पैलवानांचं घर. म्हनले, कुस्ती बघू, मग सुपारी फोडू. पोरीच्या डोळ्यात दोष हाय म्हनल्यावर पाच गावांत कोन दारात आलं आसतं? माझं काय? म्हातारीच्या नावावर कसलाबी आजार खपतो."

"म्हणून शिबिराच्या दिवशी तालमीतून ती थेट आली. तुम्ही तिला तुमची शाल दिली आणि चिठ्ठी दिली. पण कपाळावरची माती तिनं पुसली नाही."

"मातीचा मान आसतो," निकिता खाली बघत म्हणाली.

"ती माती आमच्या यंत्राला लागली. आमचा माणूस तिला कुंकू समजला. आणि तुम्ही कुंकू लावत नाही."

नबीलाल वस्ताद मध्येच म्हणाले, "पर मालनआक्का, डॉक्टरनं दवाखान्यात बोलावल्यावर तरी पोरीला म्होरं करायचं न्हाई का?"

"मला वाटलं, खरं ते यंत्रात दिसतं," मालनबाईंचा आवाज आता फाटला. "माझ्या डोळ्यात बघनं म्हंजे नुसता रिवाज. बाई म्हनल्या, फोटूत वाटलं हुतं पर काय न्हाई. मी दोनदा इचारलं. त्या म्हनल्या, नक्की. त्यो शबूद मी पोरीचा म्हनून घेतला, वस्ताद. जीपमधनं उतरल्या उतरल्या मीच हिला म्हनलं, जा, खेळ."

उझ्मा खाली मान घालून ऐकत होती. 'नक्की' हा शब्द तिचाच होता.

"किती राहिलंय?" वस्तादांनी हळूच विचारले.

"फोटो काढल्याशिवाय सांगता येत नाही. त्या दिवशी लेसरनं भागलं असतं. आता अंधार ओठांपर्यंत आलाय. पाणी मध्यावर पोचलं असेल, तर..." तिने वाक्य सोडले. "मला तिला आत्ता न्यायचंय."

"मी न्हाई येनार," निकिता म्हणाली. "मातीत उतरल्यावर मागं फिरत न्हाईत. लोक काय म्हनतील? भ्याली म्हनतील. येवढी येक खेळू दे, आजी."

मैदान चुळबुळू लागले होते. मागून कोणी ओरडले, "काय लगीन लावताय का आखाड्यात?" हशा पिकला. मंडपातले पाहुणे माना उंचावून पाहू लागले.

मालनबाईंनी चपला काढल्या. उभ्या जन्मात त्या कधी आखाड्यात उतरल्या नव्हत्या. नऊवारीचा ओचा सावरत त्या मातीत आल्या, हलगीवाल्यासमोर हात उभारला आणि हलगी थांबली. पुकारणाऱ्याच्या हातून त्यांनी भोंग्याचा माइक घेतला.

"मी मालनबाई राऊत बोलते. माझ्या नातीच्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटलाय. तिनं सांगितलं हुतं, मी झाकलं. ती भ्याली न्हाई, भ्याले मी. ज्याला नावं ठेवायची त्यानं मला ठेवा. कुस्ती न्हाई हुनार."

माइक त्यांनी परत दिला. पाहुण्यांपैकी एक जण उठून उभा राहिला. तो बसला की निघून गेला, ते पाहायला मालनबाई थांबल्या नाहीत. त्यांनी निकिताचे मनगट धरले. प्रतिस्पर्धी पोरगी मुकाट्याने बाजूला सरली आणि जाता जाता तिने निकिताच्या पाठीवर हात ठेवला.

गाडी आखाड्याच्या कडेलाच आणून उभी केली होती. आत अंधार होता.

"हनुवटी इथं. कपाळ पट्टीला," आदिल म्हणाला.

"थांब रे," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी पदराचे टोक घेतले आणि नातीच्या कपाळावरची माती पुसली. निकिताने हात धरायला पाहिले, पण आजीने तो बाजूला केला. "मान मातीचा आसंल. डोळा तुझा हाय."

यंत्रातून निळसर प्रकाश चमकला. यंत्राच्या पडद्यावर चित्र उमटले. तीच नक्षी, फांदीला फांदी जुळणारी, तोच नाल. पण त्या दिवशी फटीखाली टिकलीएवढे असलेले पाणी आता खाली पसरत मध्याच्या काठाशी येऊन थबकले होते.

"वाचंल का?" मालनबाईंनी विचारले.

उझ्माने चित्र मोठे करून पाहिले. "मध्य अजून कोरडा आहे. नुसत्या लेसरनं आता भागणार नाही, शस्त्रक्रिया लागेल. आजच. आणि आखाडा कायमचा सुटेल."

"नजर वाचंल का, ते सांगा."

"प्रयत्न करीन, आजी. 'नक्की' म्हणणार नाही."

मालनबाईंनी मान डोलावली. पोरीचे डोके त्यांनी आपल्या खांद्यावर टेकवून घट्ट धरले. रस्त्याच्या एकाही खड्ड्याचा हिसका तिला बसू द्यायचा नाही, अशा पकडीने. बाहेर हलगी पुन्हा वाजू लागली होती, दुसऱ्या कोणासाठी.

आदिल चित्र नगरला धाडायच्या तयारीत होता. "मॅडम, नाव काय घालू?"

उझ्माने तोंड उघडण्याआधीच मालनबाई बोलल्या.

"निकिता. निकिता राधाकृष्ण राऊत. बापाच्या नावासकट घाल. आता माझं न्हाई."